हॉलो पॉइंट काडतूस पिस्तुलात अडकेल का? घरात भरून ठेवण्याआधी करायची तपासणी

अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी पिस्तूल घेतलेल्या मराठी माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: नेमबाजीच्या रेंजवर दोन-तीनशे साध्या गोळ्या विनातक्रार चालल्या, आता हॉलो पॉइंट (नाकाला पोकळी असलेल्या, लक्ष्यात शिरून पसरणाऱ्या गोळ्या) भरून तिजोरीत ठेवलं तर चालेल ना? खरं उत्तर असं की, चालेल की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही. रेंजवर चालल्या त्या गोल नाकाच्या, अख्ख्या तांब्याच्या कवचाच्या गोळ्या. तिजोरीत जाणारं काडतूस नाकाने बोथट, बहुधा लांबीने आखूड आणि कधी कधी जास्त जोराचं. अमुक कंपनीचं पिस्तूल भरवशाचं, असं आपण सहज बोलून जातो. पण भरवसा एकट्या पिस्तुलाचा नसतोच. हे पिस्तूल, ही मॅगझिन (पिस्तुलात बसणारी काडतुसांची पेटी) आणि ही गोळी, या तिघांचं एकमेकांशी जमतं का, एवढंच तपासता येतं. तिघांतलं एक बदललं की तपासणी पहिल्यापासून.

आधी कायदा

हे लोक शेवटी वाचतात आणि मग अडचणीत येतात, म्हणून पहिल्यांदा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. मित्राबरोबर गंमत म्हणून रेंजवर जाणाऱ्यांनीही आपला व्हिसा कोणता ते आधी बघावं, आणि शंका असेल तर मित्राला नाही, वकिलाला विचारावं.

दुसरं, न्यू जर्सी. एडिसनच्या आसपास आपली वस्ती मोठी, म्हणून मुद्दाम सांगतो. तिथल्या कायद्यात पोकळ नाकाच्या गोळीवर वेगळं कलम आहे. घरात ठेवता येते, दुकानातून घरी आणि घरातून रेंजवर नेता येते, पण कमरेला पिस्तूल लावून फिरताना ती आत असणं साधारणपणे गुन्हा ठरतो, पिस्तूल बाळगण्याचा परवाना असला तरी. टेक्सासमध्ये असं काही नाही. म्हणजे टेक्सासमधून न्यू जर्सीला भावाकडे निघालात, तर पिस्तुलाचा प्रश्न वेगळा आणि गोळीचा वेगळा. या कायद्यांना न्यायालयात आव्हानं दिली जातात, नियम बदलतात. निघण्याआधी ताजी माहिती घ्या.

जाता जाता: पसरणाऱ्या गोळीचं इंग्रजीतलं जुनं नाव ‘दमदम’ हे कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या दारूगोळा कारखान्यावरून पडलं. १८९९च्या हेग घोषणेने युद्धात अशा गोळ्यांना बंदी आली. पोलिसांना आणि नागरिकांना ती लागू नाही, आणि अमेरिकेतली पोलीस खाती सर्रास हॉलो पॉइंटच वापरतात. कारण साधं आहे. लक्ष्यात शिरून पसरणारी गोळी आरपार जाऊन मागच्या खोलीतल्या माणसाला लागण्याची शक्यता कमी.

काडतूस चेंबरमध्ये चढतं कसं

गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे येते. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात धरलेली रिकामी पुंगळी इजेक्टरवर आपटून बाहेर उडते, आणि रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला परत पुढे ढकलते. पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधल्या सगळ्यांत वरच्या काडतुसाच्या बुडाला रेटा देते. काडतूस मॅगझिनच्या ओठांखालून पुढे सरकतं, गोळीचं नाक चेंबरच्या (नळीतली काडतूस बसण्याची जागा) तोंडाशी असलेल्या चढावर, म्हणजे फीड रॅम्पवर, आपटून वर वळतं. त्याच क्षणी काडतुसाच्या बुडाची कड खालून वर सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात जाऊन बसते. मग काडतूस सरळ होतं, चेंबरमध्ये शिरतं आणि स्लाइड बंद होते. हा सगळा फेरा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतो.

यात गोळीच्या नाकाला एकच काम आहे, चढावरून घसरणं. गोल नाक कुठेही टेकलं तरी घसरतं. पोकळ नाकाला मात्र तोंड असतं आणि त्या तोंडाला काठ. काठ रुंद असेल आणि काडतूस आखूड असेल, तर नाक रॅम्पवर खाली, उशिरा आणि चुकीच्या कोनात टेकतं. कधी तो काठ चेंबरच्या तोंडाच्या कडेला अडतो, कधी रॅम्प आणि नळी यांच्यामधल्या फटीत.

१९११ हे पिस्तूल घ्या. जॉन ब्राउनिंगने ते .४५ एसीपी या काडतुसाच्या, २३० ग्रेन (सुमारे १५ ग्रॅम) वजनाच्या गोल नाकाच्या लष्करी गोळीभोवती बेतलं. त्याचा रॅम्प दोन तुकड्यांत आहे. खालचा भाग फ्रेममध्ये सुमारे ३१.५ अंशांच्या कोनात, वरचा भाग नळीच्या तोंडाशी, आणि दोन्हींमध्ये १/३२ इंचाची, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटरची फट. ही फट चूक म्हणून राहिलेली नाही, ती हवीच. नळीचा खालचा ओठ मागे सरकून फ्रेममधल्या चढावर आला, तर नाक त्यालाच जाऊन धडकतं. गोल नाक ही फट सहज ओलांडतं. जुन्या घडणीच्या १९११मध्ये रुंद तोंडाची आखूड गोळी इथेच थबकते. १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरच्या सुरुवातीच्या पिस्तुलांत तर रॅम्पला मध्ये उंचवटा होता. नंतरच्या पिस्तुलांत तो चढ सरळ झाला. वडीलधाऱ्या शेजाऱ्याने हौसेने दिलेलं जुनं हाय-पॉवर तुमच्याकडे असेल, तर हॉलो पॉइंट भरण्यापूर्वी त्याच्या चेंबरच्या तोंडात टॉर्च मारून बघाच.

ग्लॉक, सिग पी-३६५, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ही अलीकडची पिस्तुलं हॉलो पॉइंट गृहीत धरूनच घडवलेली आहेत. तिथे गोळीच्या आकारावरून अडचण क्वचित येते. आली तर ती बहुधा मॅगझिन, स्प्रिंग किंवा पकड यांच्याकडून. तपासणी तरीही टाळू नये.

पहिली पायरी: गोळी निवडणं

आधी पिस्तुलाची पुस्तिका उघडा. प्लस पी, म्हणजे जास्त दाबाची, काडतुसं चालतील की नाही हे तिथे लिहिलेलं असतं. ९ मिमीच्या साध्या काडतुसाची दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), प्लस पीची ३८,५००. जास्त दाबाने स्लाइड जास्त वेगाने मागे-पुढे होते, आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर उचलायला कमी वेळ मिळतो. छोट्या पिस्तुलात, जिथे सगळंच घट्ट आणि आखूड असतं, तिथे या फरकानेच काडतूस अडकू शकतं. चार इंची नळीच्या पिस्तुलाला प्लस पी पचते म्हणून तीन इंचीलाही पचेल असं नाही. माझं मत विचाराल तर छोट्या पिस्तुलात साध्या दाबाची चांगली गोळी पुरेशी आहे. जास्त जोराच्या गोळीचा झटका सोसत दुसरी गोळी वेळेवर आणि नेमकी मारता येत नसेल, तर त्या जोराचा उपयोग काय?

मग आकार. दुकानात फेडरल एचएसटी, स्पीअर गोल्ड डॉट आणि हॉर्नाडी क्रिटिकल डिफेन्स ही तीन पाकिटं शेजारी मांडून काडतुसं नुसती हातात घेऊन बघा. एचएसटीचं तोंड ऐसपैस आहे. गोल्ड डॉटचा नाकाकडचा उतार गोलसर, तोंड त्या मानाने आवरलेलं. क्रिटिकल डिफेन्सच्या पोकळीत लालसर पॉलिमरचं बोंड बसवलेलं असतं. ते मुळात कपड्याचे धागे पोकळीत भरून गोळीचं पसरणं बंद पडू नये म्हणून आहे, पण त्यामुळे नाकाला गोलाईही येते आणि चढावर ते बरं घसरतं. तिन्ही गोळ्या चांगल्याच आहेत. चोखंदळ जुन्या पिस्तुलाला मात्र यांतली दुसरी किंवा तिसरी आधी देऊन बघावी.

‘कुठली गोळी जास्त मारक’ या वादात मी शिरत नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मियामीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्या चकमकीनंतर एफबीआयने जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरण्याची कसोटी आणली. आजच्या नावाजलेल्या गोळ्या तीच कसोटी समोर ठेवून बनवल्या जातात. तेवढं पाहिलं की पुढचा निकष एकच: आपल्या पिस्तुलात चढते का.

घेताना एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, घ्या. २० किंवा २५ नगांच्या पाकिटापेक्षा पोलीस खात्यांसाठी बनणारी ५० नगांची पाकिटं अनेक दुकानांत कोणालाही मिळतात आणि नगामागे स्वस्त पडतात. लॉट नंबर पाकिटावर छापलेला असतो. पाकीट फेकू नका.

दुसरी पायरी: मॅगझिन

रेंजवर पिस्तूल जाम झालं की लोक पहिला दोष गोळीला देतात आणि दुसरा पिस्तुलाला. बंदुकीची कामं करणारा कारागीर विचारतो, ‘मॅगझिन कुठली?’ आणि बरेचदा तो बरोबर असतो. काडतूस कोणत्या उंचीवर, कोणत्या कोनात आणि नेमकं कधी सुटणार हे ठरतं मॅगझिनच्या ओठांवर, स्प्रिंगवर आणि काडतुसं उचलून धरणाऱ्या फॉलोअरवर.

प्रत्येक मॅगझिनला नंबर द्या. बुडाच्या प्लेटवर रंगाच्या पेनने १, २, ३ लिहिलं की झालं. एवढ्या एका कामाने निम्मा शोध सोपा होतो. दहा वेळा काडतूस अडकलं आणि दहाही वेळा मॅगझिन दोन नंबरचीच होती, तर पिस्तुलाला हात लावायची गरजच नाही.

मग ओठ बघा. डोळ्यांसमोर आडवी धरा. दोन्ही ओठ सारखे वळलेले आहेत का, पत्र्याला बारीक चीर आहे का, कडेला टोचणारी बुरी आहे का? सिमेंटच्या फरशीवर पडलेली मॅगझिन संशयित समजावी. फॉलोअर बोटाने दाबून सोडा. तो अडखळत वर आला तर आत कचरा आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते हा समज बराचसा चुकीचा आहे. ती जास्त करून वारंवार भरण्या-रिकामं करण्याने थकते. जुन्या मॅगझिनची स्प्रिंग बदलायला फार खर्च येत नाही, बदलून टाका.

१९११वाल्यांसाठी इथे जरा जास्त थांबावं लागेल. जुन्या लष्करी मॅगझिनचे ओठ मागून पुढे हळूहळू उघडत जातात, त्यामुळे काडतूस बराच वेळ धरून हळू सोडलं जातं. लांब, गोल नाकाच्या गोळीला ते मानवतं. नंतर सपाट नाकाच्या आखूड नेमबाजीच्या काडतुसांसाठी समांतर ओठांची मॅगझिन आली. ती काडतूस एका ठरावीक जागी एकदम सोडून देते. हॉलो पॉइंटला बहुधा या दोन्हींच्या मधली घडण सगळ्यांत बरी जमते. फॉलोअरवर एक छोटा फुगवटा दिसेल. तो शोभेचा नाही. झटक्याने शेवटचं काडतूस पुढे घसरू नये म्हणून ती अडणी आहे. गुळगुळीत फॉलोअरच्या मॅगझिनमध्ये नेमकं शेवटचंच काडतूस घसरत असेल, तर कारण हातात आहे.

आणि मूळ कंपनीची मॅगझिन घ्या. पिस्तुलाला सहाशे डॉलर द्यायचे आणि मॅगझिनमध्ये बारा वाचवायचे, हा हिशेब मला कधी कळला नाही.

तिसरी पायरी: घरी, फक्त डमी काडतुसांनी

घरात जिवंत काडतुसं स्लाइडने चढवून-उतरवून बघायची नाहीत. कितीही काळजी घेतली तरी नाही. डमी काडतुसं मिळतात, त्यात ना दारू ना जिवंत प्रायमर. जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर.

डमी शक्यतो हॉलो पॉइंटच्या आकाराची आणि लांबीची घ्या. तिच्या नाकावर काळ्या मार्करने रंग फासा, मॅगझिनमध्ये भरा, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून द्या. हाताने धरून सावकाश पुढे नेऊ नका, कारण स्प्रिंगचा पूर्ण जोर मिळाला नाही तर चांगलं पिस्तूलही अडतं. मग डमी बाहेर काढून भिंगाखाली बघा. रंग कुठे खरवडला गेला? काठावर सगळीकडून हलकासा असेल तर उत्तम. एकाच ठिकाणी खोल ओरखडा किंवा काठाला खळगा असेल, तर तिथे काहीतरी टोचतंय. रॅम्पवरही त्याच जागी काळी रेघ उमटलेली सापडते. आधी वापरलेल्या पिस्तुलात रॅम्पवर तांब्याचा तांबूस पट्टा असतो. तो मधोमध आणि गुळगुळीत असावा. एका बाजूला सरकलेला असेल, तर मॅगझिन तिरकी बसतेय.

एक्स्ट्रॅक्टरही याच वेळी. १९११ची स्लाइड उतरवून डमीचं बूड खालून आकड्यात सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. डमी धरून राहिली पाहिजे, पण आत सरकवताना अंगठ्याने ढकलून-ढकलून घालावी लागू नये. अति घट्ट आकडा हे हॉलो पॉइंट अडण्याचं नेहमीचं कारण आहे, आणि गोल नाकाच्या गोळीला रेटा चांगला मिळत असल्यामुळे ते महिनोन्महिने लपून राहतं. सुटं काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड आपटायची सवय असेल तर सोडा. १९११चा एक्स्ट्रॅक्टर त्यानेच बिघडतो.

चौथी पायरी: रेंज

डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. यावर जास्त बोलत नाही. नवं पिस्तूल असेल तर आधी साध्या गोळ्यांनी ते रुळू द्या. काही कंपन्या तसं स्पष्ट सांगतात. ‘कार’ (Kahr) ही पिस्तुलं बनवणारी कंपनी आपल्या छोट्या पिस्तुलांच्या पुस्तिकेत २०० गोळ्यांनंतरच ते भरवशाचं धरा, असं लिहिते. स्लाइडच्या रुळांवर आणि नळीच्या बाहेरच्या चकचकीत झालेल्या भागावर तेलाचा पातळ हात हवा. चेंबर आणि मॅगझिन कोरडी. तेल भरलेली मॅगझिन खिशातला सगळा कापूस गोळा करते.

आता हॉलो पॉइंट. किती मारायच्या? २०० हा आकडा सगळे सांगतात, पण का ते फारसं कोणी सांगत नाही. संख्याशास्त्रातला एक सोपा ठोकताळा आहे: ‘न’ वेळा करून एकदाही बिघाड झाला नाही, तर बिघाडाचं खरं प्रमाण ३ भागिले ‘न’ यापेक्षा कमी आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. म्हणजे ५० गोळ्या बिनचूक गेल्या तर बिघाड ६ टक्क्यांपर्यंतही असू शकतो. १०० गेल्या तर ३ टक्के, २०० गेल्या तर दीड, ३०० गेल्या तर एक. एक पाकीट मारून ‘माझं कधीच अडकत नाही’ म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. उलट, नगामागे साधारण डॉलरभर किमतीच्या ३०० गोळ्या मारणं सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. मी सुचवतो ती तडजोड अशी: ज्या मॅगझिन प्रत्यक्ष भरून ठेवणार त्यांतून मिळून किमान १०० हॉलो पॉइंट, आणि त्यांच्याच वजनाच्या व जोराच्या साध्या गोळ्या आणखी भरपूर. दुसऱ्या भागातून नाकाच्या आकाराची परीक्षा होत नाही, पण स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर आणि तुमच्या हाताची होते.

या १०० गोळ्या सरधोपट मारू नका. मॅगझिन पूर्ण भरून, त्यातलं एक चेंबरमध्ये चढवून आणि वर आणखी एक भरून सुरुवात करा. तेव्हा वरच्या काडतुसावर स्प्रिंगचा दाब सर्वाधिक असतो आणि स्लाइडला ते ओढून काढायला जड जातं. शेवटची दोन काडतुसं नीट लक्ष देऊन मारा. तिथे दाब सगळ्यांत कमी. काही उजव्या हाताने एकट्याने, काही डाव्याने. रेंजचा नियम परवानगी देत असेल तर काही पटापट. आणि शेवटचं पाकीट पिस्तूल साफ न करता, दीडशे साध्या गोळ्यांनंतर. घरात वेळ येईल तेव्हा पिस्तूल नुकतंच पुसलेलं असेल असं नाही.

मनगट सैल ठेवलं तर हलक्या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलात स्लाइड पूर्ण मागे येत नाही आणि काडतूस अडकतं. म्हणून एखादा बिघाड झाला की तेच पिस्तूल, तीच मॅगझिन, तीच गोळी दुसऱ्या अनुभवी माणसाच्या हातात द्या. त्याच्या हातात चाललं, तर कारागिराकडे नाही, शिकवणीला जा.

आणि गोळीचा आवाज एकदम मंद, फुसका आला तर तिथेच थांबा. पुढचं काडतूस मारायचं नाही. गोळी नळीतच अडकली असू शकते. चाप ओढूनही काही झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच काडतूस काढा.

पाचवी पायरी: अडकलं, तर आधी बघा

शिकवणीत शिकवतात, मॅगझिनवर थाप, स्लाइड ओढ, पुढे चल. प्रत्यक्ष संकटात ते बरोबर. तपासणीच्या दिवशी मात्र हीच सवय पुरावा पुसून टाकते. बोट चापाबाहेर, नळी लक्ष्याकडेच, आणि काडतूस कसं अडलंय ते दोन क्षण नीट बघा. शेजारच्याला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मग मॅगझिनचा नंबर, कितवं काडतूस, कोणती गोळी, कोण मारत होतं, एवढं लिहून ठेवा.

नाक खाली, रॅम्पच्या पायथ्याशी रुतलेलं आणि बूड अजून मॅगझिनमध्ये, असं दिसलं तर संशय आधी मॅगझिनवर. स्प्रिंग थकलेली, मॅगझिन पूर्ण वर न बसलेली किंवा काडतूस जास्तच आखूड. मॅगझिन अडकवणारी खाच झिजली असेल तर ती एखादा मिलिमीटर खाली राहते, आणि तेवढंच पुरतं.

काडतूस अर्धं चढून तिरकं अडलंय, नाक चेंबरच्या छताला, पोट रॅम्पच्या कडेला आणि बूड एक्स्ट्रॅक्टरशी, अशी तीन ठिकाणी पाचर बसलेली दिसेल तेव्हा जिन्याच्या वळणावर अडकलेलं कपाट आठवा: जोर लावून उपयोग नाही, कोनच चुकलाय. इथे पहिला संशय अति घट्ट किंवा खालचा कोपरा न घासलेल्या एक्स्ट्रॅक्टरवर, दुसरा काडतूस फार उशिरा सोडणाऱ्या मॅगझिनच्या ओठांवर.

स्लाइड काडतुसाच्या बुडावरून पुढे जाऊन त्याच्या अंगावर आपटलेली असेल, तर पितळेच्या पुंगळीवर आडवा खळगा दिसतो. याचा अर्थ काडतूस वेळेत वर आलंच नाही. मॅगझिनची स्प्रिंग कमजोर, किंवा स्लाइडचा वेग जास्त: प्लस पी गोळी, थकलेली रिकॉइल स्प्रिंग. १९११च्या ५ इंची पिस्तुलात ही स्प्रिंग १६ पौंडांची असते. हजारो गोळ्यांनंतर तिची लांबी नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. कधी उलटंही असतं, पकड सैल असल्याने स्लाइड अर्ध्यातूनच परतते. पुंगळी कुठे पडतेय ते पाहून दोन्ही वेगळे काढता येतात. पायाजवळ घरंगळत असेल तर जोर कमी पडतोय. शेजारच्या नेमबाजाच्याही पलीकडे उडत असेल तर जास्त.

स्लाइड फक्त दोन-तीन मिलिमीटर उघडी राहिली असेल तर चेंबर घाण, तेल सुकलेलं, किंवा गोळी पुंगळीत तिरकी बसलेली. ठोकून बंद करू नका. काडतूस काढा, बाजूला ठेवा, आणि नळी उतरवल्यावर ते नुसतं चेंबरमध्ये सोडून बघा. ‘टक्’ असा आवाज करून बसलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपसूक गळलं पाहिजे. हे रेंजच्या टेबलावर, पिस्तूल पूर्ण सुटं करूनच.

पुंगळी स्लाइडच्या खिडकीत धुराड्यासारखी उभी राहणं हा मात्र बाहेर फेकण्याचा बिघाड आहे, चढण्याचा नाही. तो हॉलो पॉइंटच्या माथी मारू नये.

सहावी पायरी: दुरुस्ती, याच क्रमाने

आधी मॅगझिन बदला. मग गोळी बदला. एका जातीने त्रास दिला म्हणून पिस्तूल कापत बसण्यापेक्षा दुसरी जात आणणं स्वस्त. मग साफसफाई आणि तेल. मग स्प्रिंगा. मग एक्स्ट्रॅक्टर, तोही जाणकाराकडून. रॅम्प सगळ्यांत शेवटी.

रॅम्पला पॉलिश करण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि त्यांनी बिघडवलेली पिस्तुलंही. चकाकी वाढवणं आणि धातू काढणं यात फरक आहे, आणि फिरत्या यंत्राला तो कळत नाही. चढाचा कोन बदलला किंवा चेंबरचं तोंड मागे खाल्लं गेलं, तर पुंगळीचं बूड उघडं पडतं, आणि हजारो पौंडांच्या दाबाखाली तिथेच फुटू शकतं, म्हणजे थेट तुमच्या हाताशी. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये वरचा कठीण थर गेला की खालचा मऊ धातू गोळीच्या नाकानेच खणला जातो. पिस्तूल नवं असेल तर फोटो आणि नोंदींसह कंपनीकडे पाठवा. वॉरंटी त्यासाठीच असते. जुनं असेल तर कारागिराकडे, गोळी आणि मॅगझिन दोन्ही बरोबर देऊन. नुसतं पिस्तूल देऊ नका.

.३२वाल्यांची वेगळी गोष्ट

भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे परवानाधारकाकडे पिस्तूल असलंच तर ते बहुधा .३२चं. इकडे अमेरिकेतही केल-टेक पी-३२सारखी खिशातली पिस्तुलं त्याच काडतुसाची. .३२ एसीपीच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे असली पाहिजे. हॉलो पॉइंट काडतूस आखूड, त्यामुळे मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला जागा उरते. झटक्याने वरचं मागे घसरलं की दोन कडा एकमेकींत अडकतात आणि मॅगझिन जागीच बंद पडते. थाप मारून, स्लाइड ओढून हे सुटत नाही. मॅगझिन काढून काडतुसं मोकळी करावी लागतात. मॅगझिनच्या मागच्या भिंतीला पातळ पट्टी बसवून ही मोकळी जागा कमी करतात. सोपा मार्ग असा की, .३२मध्ये पूर्ण लांबीची गोल नाकाचीच गोळी वापरावी. या काडतुसात जोर मुळातच बेताचा, तो पसरण्यात खर्च झाला की आत शिरायला फारसा उरतही नाही.

तपासून झाल्यावर

पिस्तूल रोज भरलं-रिकामं केलं जातं तिथे एक गोष्ट नकळत होते. तेच वरचं काडतूस पुन्हा पुन्हा चढवलं की नाक रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत थोडी थोडी आत ढकलली जाते. काडतूस आखूड होतं, म्हणजे चढायला वाईट. आणि आतली जागा कमी झाल्याने दाब वाढतो, म्हणजे मारायला धोक्याचं. नव्या काडतुसाशेजारी सपाट टेबलावर उभं करून बघा, किंवा व्हर्नियर कॅलिपर असेल तर मोजा. फरक दिसला तर ते मारू नका, रेंजवर निकामी काडतुसांच्या डब्यात टाका. मी चढवून उतरवलेलं काडतूस परत वर भरत नाही. तळाशी भरतो, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर वेगळ्या डबीत काढतो. पुढच्या रेंजला आधी तीच, लांबी बघून.

वर्षातून एकदा भरून ठेवलेल्या मॅगझिन रेंजवर तशाच मारून रिकाम्या करा, न झटकता, न पुसता. नव्या पाकिटाचा लॉट नंबर वेगळा निघाला तर त्यातली एक मॅगझिनभर तरी आधी मारा, आणि वहीत नव्या लॉटसमोर तारीख टाका.